दामूभटाची कोरडी हवा

अकोल्याच्या जुन्या शहरात कोणाला दामोदर मिस्त्रींचा कारखाना विचारला, तर तो मान हलवून पुढे पाठवायचा. दामूभटाचं दुकान विचारलं की तोच माणूस चार पावलं सोबत येऊन दाखवून द्यायचा. दामूभाऊला हे दुःख जन्मभर पुरलं. त्याने पूजा सांगणं सोडलं, पंचांग सोडलं, शेंडीसुद्धा टोपीखाली असून नसल्यासारखी ठेवली, पण गावाने त्याला भट म्हणणं काही सोडलं नाही. दुकानाची पाटी माझ्याच हातची होती. तिच्यावर 'मिस्त्री' हा शब्द मी इतका ठळक काढला होता की नावाच्या आधी तोच डोळ्यांत भरे. लोक ती पाटी नीट वाचायचे आणि आत येऊन विचारायचे, "भटजी हायेत का?"

मी त्याच्याकडे अक्षरं काढायला होतो. आमचं घर माळ्याचं, मोर्णा नदीच्या काठाला वांग्या-मेथीचा मळा. मला भाजीपेक्षा अक्षरांचा नाद जास्त, म्हणून घरच्यांनी माझ्यावर पाणी सोडलेलं. दामूभाऊ मोटारींना रंग मारी आणि त्यावर मी मालकाचं नाव, गावांची नावं आणि कृपा करणाऱ्या देवाचं नाव घाली. मला तो 'पेंटर' म्हणे, पण त्यात मान कमी आणि चेष्टा जास्त. त्याच्या मते ब्रशने रंग लावणारा आणि भिंतीला चुना देणारा यांच्यात काही फरक नव्हता. खरा रंग लागतो तो हवेने.

त्या दिवसांत वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता आणि जो उठेल तो मोटार सर्व्हिस काढत होता. अकोला-बाळापूर, अमरावती-दर्यापूर, कुठून कुठेही. दामूभाऊचा कारखाना म्हणजे घरालगतचं, रस्त्याकडेचं पत्र्याचं छप्पर. त्यात तेलावर चालणारं एक खोकणारं इंजिन, त्याच्या पट्ट्यावर फिरणारा हवा दाबायचा पंप आणि ती हवा साठवायची लोखंडी टाकी. टाकीतून रबरी नळी निघे आणि नळीच्या टोकाला रंग फवारायची गन. हे सगळं त्याने अमरावतीहून जुन्या भावात आणलं होतं. अमरावतीला तो गेला होता याज्ञिकी शिकायला. निदान वडिलांची तशी समजूत होती. परत आला तेव्हा त्याच्या नखांत हिरवा रंग होता आणि रुद्राचा एक अनुवाकही धड येत नव्हता.

कामाला लागण्यापूर्वी तो जानवं कानावर अडकवी. हेतू एवढाच की त्याला रंग लागू नये. पण भर दिवसा, रस्त्याच्या कडेला, कानावर जानवं चढवून मोटारीच्या आडोशाला वाकलेला माणूस पाहून येणारे-जाणारे तोंड फिरवून घाईने पुढे जात. इतकं करूनही जानव्याला रंग लागायचा तो लागेच. त्याचं जानवं पाहिलं की सध्या कोणाच्या गाडीचं काम चालू आहे ते गावाला कळत असे.

हवा तपासायची त्याची रीतही त्याचीच होती. तो वहिनींच्या डब्यातला उडदाचा पापड आणून गनच्या तोंडासमोर धरी, रंग न घालता नुसती हवा सोडी आणि मग पापड मोडून पाही. कडकन मोडला तर हवा कोरडी, वाकला तर ओली. तपासलेला पापड तो कधी फेकत नसे. पावसाळ्यात वहिनींचे पापड श्रावणातच संपायचे आणि दामूभाऊ म्हणायचा, हा धंदाच खर्चिक आहे.

कारण पावसाळ्यात हवा ओली असे. ही गोष्ट त्याने मला इतक्या वेळा समजावली होती की मी झोपेत सांगितली असती. हवेत पाणी असतंच. ती दाबली की तापते, आणि पुढे टाकीत, नळीत थंड झाली की ते पाणी सुटतं. सुटलं की गनमधून रंगाबरोबर थुंकल्यासारखं बाहेर येतं आणि गुळगुळीत रंगावर फोड उठतात. "हवा पाणी पेते बाप्पा," तो म्हणे. "माणूस तं लोटाभर पेते, हे हौदाभर पेते. आन् पेलेलं सारं माह्याच गाडीवर ओकते."

आता त्याच्या वडिलांविषयी सांगायला हवं. गाव त्यांना महाराज म्हणे, दामूभाऊ आबा म्हणे. जुन्या शहरातली आणि बाळापूरकडच्या खेड्यांतली पुष्कळ घरं त्यांची यजमान. वृत्तीने शांत, पण सोवळ्यात अतिशय कडक. गावात नळ आले तेव्हा आबांनी चौकशी केली, तोटीच्या आत चामड्याची चकती असते असं कळलं, आणि नळाचं पाणी त्यांच्यापुरतं संपलं. आता त्यांचे हात कापू लागले होते, पायी खेडी होत नव्हती. घरात मुलगा एकच, आणि तो कानावर जानवं अडकवून मोटारी रंगवत होता.

त्यावरून एकदा बापलेकांचं कडाक्याचं वाजलं. आबा ओरडले नाहीत, ते ओरडणाऱ्यांतले नव्हतेच. त्यांनी फक्त मुदत घातली. पोळ्यापर्यंत तुझं यंत्र चालव. एक गाडी तरी अशी करून दाखव की लोकांनी नावं ठेवू नयेत. नाही जमलं तर सगळं विकून टाकायचं आणि माझी पोथी हातात घ्यायची. दामूभाऊने वडिलांशी बोलताना वापरायच्या त्याच्या शुद्ध मराठीत 'बरं आबा' म्हटलं. आमच्याशी तो वऱ्हाडीच बोले, पण आबांपुढे उभा राहिला की त्याची भाषा आंघोळ करून आल्यासारखी होई.

आणि त्याच उन्हाळ्याच्या अखेरीस दर्यापूरचे बापूसाहेब आपली नवी बस घेऊन दारात आले. मोठे बागायतदार, त्याहून मोठ्या हौसेचे. त्यांचं म्हणणं असं की, पोळ्याच्या तोरणाखाली गावाचे बैल उभे राहतात, तशी आपली मोटारही बैलांच्या रांगेत उभी राहणार. तिला झूल घालायची, तिची पूजा करायची आणि दुसऱ्या दिवशी अमरावतीच्या रस्त्याला लावायची. रंग हिरवा, आरशासारखा. दामूभाऊने लगेच होकार दिला. पोळा श्रावणाच्या अमावास्येला येतो आणि श्रावणात हवा कशी असते हे त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं, तरी त्याने होकार दिला. माणसाला हौसेपुढे अक्कल सुचत नाही.

पहिल्या हाताला फोड आले. घासून काढलं, पुन्हा मारलं, पुन्हा आले. गल्लीतल्या बायका येऊन पाहून गेल्या आणि दुपारपर्यंत सगळ्या जुन्या शहरात झालं की दामूभटाच्या मोटारीले देवी आल्या. एका म्हातारीने तर बॉनेटवर लिंबाचा पाला आणून ठेवला. दामूभाऊने तो काढला नाही. म्हणाला, राहू दे, काय सांगावं.

मग त्याच्या उपायांना सुरुवात झाली. टाकीच्या पोटाशी पाणी सोडायची तोटी होती, ती त्याने दिवसभर सुतभर उघडी ठेवायला सुरुवात केली, म्हणजे साचलेलं पाणी सूं सूं करत निघून जाईल. टाकीला ओली पोती गुंडाळली, म्हणजे हवा तिथेच थंड होऊन पाणी तिथेच टाकेल. मला हे उलटंच वाटलं. कोरडं करायला ओलं कशाला? तेव्हा त्याने मला थंड पाण्याचा तांब्या दाखवला. त्याला बाहेरून दव सुटलं होतं. "हवा गार भांडं पाह्यलं का रडते," तो म्हणाला. "तिले इथंच रडू दे, गाडीवर नको." एकदा त्याने वाटेत कळीच्या चुन्याचा डबा बसवला, कारण चुना पाणी ओढतो. ओढलं खरं. पण चुन्याची पूडही हवेबरोबर निघाली आणि हिरव्या बसला कोड फुटल्यासारखं झालं. तो डबा पुढे पान खाणाऱ्यांच्या कामी आला.

हळूहळू तोटीने आणि पोत्यांनी गुण दिला. रंग साफ येऊ लागला. आठवडाभर सगळं ठीक चाले, पापड कडकन मोडत, आणि रविवार उजाडला की पुन्हा फोड. पुढल्या रविवारी तेच. सोमवारी हवा पुन्हा शहाण्यासारखी वागे. दामूभाऊ विचार करून करून वाळला. शेवटी त्याने शोध लावला की रविवारी बाजाराला आलेली खेड्यातली माणसं मोटार पाहायला छपराशी गर्दी करतात आणि त्यांचे श्वास पंपात जातात. मी म्हटलं, "दामूभाऊ, रविवारचेच श्वास ओले असतात काय?" तर म्हणाला, बाजारात उसाचा रस पिऊन येतात. त्याने छपराला गोणपाटाचा पडदा लावला आणि रविवारी गर्दीवर खेकसायला सुरुवात केली. गर्दी आणखी वाढली.

पोळ्याच्या आधीच्या रविवारी शेवटचा हात मारायचा होता. बापूसाहेबांचा निरोप येऊन गेला होता. दामूभाऊने पडदा ओढला, जानवं कानावर घेतलं आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत बस रंगवली. संध्याकाळी कंदील जवळ नेला तर एका बाजूला, पुढच्या दारापासून मागच्या चाकापर्यंत, फोडच फोड. घासायचा कागद काढून त्याने एका जागी ठेवला आणि मला म्हणाला, पहाटेच ये. त्याचा चेहरा पाहून मला कळलं की तो मनातल्या मनात आबांची पोथी हातात घेऊन पाहतो आहे. मला त्याची फार दया आली. असा माणूस सत्यनारायण सांगत बसला असता तर साधुवाण्याची नौका बुडाल्यावर तिची गळती कुठे होती हेच आधी विचारत बसला असता.

पहाटे आम्ही छपरात शिरलो. टाकीच्या मागे बांबूचा एक तट्ट्या होता, पलीकडे घराचं तुळशीचं अंगण. तट्ट्या बाजूला सरकवलेला. टाकीपाशी आबा ओलेत्याने उकिडवे बसले होते. तांब्यावर धुतलेलं फडकं होतं, तोटीतून पाण्याची धार त्यात पडत होती आणि आबा पुटपुटत दूर्वेच्या काडीने फडक्यावरचा तेलाचा तवंग बाजूला करत होते. मी भिंतीला चिकटून उभा राहिलो. आबा सोवळ्यात असले की मी माझी सावलीसुद्धा जपून टाकत असे.

आबांनी वर पाहिलं. चोरी पकडली गेल्यासारखं त्यांना काही वाटलं नाही, उलट ते खुशीत होते.

"विहीर गढूळ झाली आहे," ते म्हणाले. "नळाच्या तोटीत चामडं. श्रावणी सोमवारी महादेवाला घालायचं काय? हे पाणी बघ, कोणाच्या हाताचं नाही, कोणाच्या पोहऱ्याचं नाही. रविवारी तोटी बंद करून ठेवली की सोमवारी तांब्या भरतो. मग पुन्हा होती तशी सुतभर उघडून ठेवतो."

तांब्यावरचं फडकं सारखं करत ते म्हणाले, "तुझं यंत्र अगदीच वाया नाही, दामू."

मी दामूभाऊकडे पाहिलं. रविवारचं कोडं सुटलं होतं. टाकी जुनी, गनकडे जाणारी नळी तिच्या बुडापासून वीतभरच वर. दिवसभर तोटी बंद राहिली की पाणी तिथवर चढणारच. बाजाराच्या गर्दीत तिचं सूं सूं थांबलेलं आम्हाला कधी कळलंच नव्हतं. आता त्याने एवढंच म्हणायचं होतं की आबा, गाडीवरचे फोड तुमच्यामुळे आले. बाजी तिथल्या तिथे उलटली असती. पण ज्या यंत्राचं तोंड पाहायचं नाही म्हणत होते, त्याचंच पाणी आबा महिनाभर आपल्या देवाच्या डोक्यावर घालत होते. वडिलांनी आपल्या धंद्याला असा मान दिलेला त्याने कधी पाहिला नव्हता.

"आबा," तो म्हणाला, "पाणी सोमवारचंच पाहिजे, की रोज?"

"रोज मिळालं तर सोन्याहून पिवळं."

"रोज देतो. ही तोटी मात्र फिरवू नका. तुमची वेगळी करून देतो."

छपरातून बाहेर आल्यावर त्याने माझा दंड धरला. "पेंटर, यातला एक शब्द जरी आबांच्या कानावर गेला, तं पाह्य." मी इतकी वर्षं तो शब्द पाळला. आता ऐकायला दोघांतलं कोणीच नाही, म्हणून लिहितो आहे.

त्याच दिवशी त्याने टाकी आणि गन यांच्यामध्ये एक जाड नळकांडं उभं केलं. हवा त्यात बाजूने शिरे, वरून निघे आणि राहिलेलं पाणी खाली तळाशी पडे. वाटेत तेल अडवायला स्वच्छ पिंजलेला कापूस भरला. वऱ्हाडात कापसाला तोटा नव्हता. तळाला पितळेची तोटी बसवली, पितळेवर पितळ घासून बसवलेली, चामड्याचा अंश नसलेली. हे सगळं तट्ट्याच्या पलीकडे, तुळशीच्या अंगणात. नळकांड्याला ओलं पोतं गुंडाळायला तो विसरला नाही. संध्याकाळी पापड धरला तर तो मोडताना असा आवाज झाला की वहिनी बाहेर आल्या. मग फोड घासून त्या बाजूला शेवटचा हात पुन्हा मारला.

पोळ्याला बस तोरणाखाली उभी राहिली. पाठीवर झूल, दिव्यांना बेगड, कपाळावर माझ्या हातचं 'श्री'. शेजारचे बैल बिचकले, पण बापूसाहेबांनी त्यांच्यासारखीच मोटारीलाही पुरणपोळी दाखवली. पूजा सांगायला अकोल्याहून आबांना मुद्दाम आणलं होतं. त्यांनी तांब्यातलं पाणी बॉनेटवर शिंपडलं. थेंब रंगावरून घरंगळले, मागे डाग राहिला नाही. आबांनी त्या रंगावर तळहात ठेवला आणि काही वेळ तसाच राहू दिला.

पूजा आटोपल्यावर बाळापूरहून बस पाहायला आलेल्या एका यजमानाने सगळ्यांसमक्ष विचारलं, "महाराज, तुमच्या मागं आमच्याकडे येणार कोण?"

"पुतण्याला सांगितलं आहे," आबा म्हणाले. "दामू यायचा नाही. त्याच्याकडे महादेवाच्या पाण्याचं काम आहे."

दामूभाऊ त्या वेळी बसच्या मागे होता. तो तिथेच खाली वाकला आणि मागचं चाक पुष्कळ वेळ तपासत बसला. चाकाला काही झालं नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी एका बैलाच्या शिंगाला उगाच नमस्कार केला.

पुढे मी अमरावतीत पाट्यांचं माझं दुकान टाकलं, पुष्कळ कारखाने पाहिले. पंपाच्या टाकीतलं पाणी रोज सोडायचं असतं हे सगळ्यांना माहीत असतं आणि सगळे ते विसरतात. दामूभटाच्या कारखान्यात ते कधी राहिलं नाही. रोज पहाटे, आंघोळीनंतर, सोवळ्याने, तांब्या हातात घेऊन आबा ती तोटी उघडायचे, आणि सायंसंध्येला पुन्हा. पाऊस असो, ताप असो. एवढ्या काटेकोर माणसाला पगार द्यायचा म्हटला तर दुकान विकावं लागलं असतं. आबांची तक्रार एकच. पूर्वी त्या पाण्याने महादेवाची पिंड कशी तेजाने चमकायची, हल्ली तेवढी चमकत नाही. दामूभाऊ गंभीरपणे म्हणे, "कलियुग, आबा." कापसात अडकलेल्या तेलाविषयी तो काही बोलत नसे.

मी त्याला शेवटचं पाहिलं ते वैशाखात. अकोल्याला एका लग्नाला गेलो होतो. लढाईपासून पेट्रोल मिळेना, सर्व्हिसा अर्ध्याअधिक बसलेल्या. म्हणून त्याच्या गल्लीत शिरताना इंजिनाचा आवाज ऐकून मला बरं वाटलं. काम चालू आहे म्हणायचं. छपरात पाहिलं तर एकही गाडी नाही. गन खुंटीला टांगलेली. तट्ट्यापलीकडे, उतरत्या उन्हात, दामूभाऊ उघड्या अंगाने नळकांड्यावरच्या पोत्यावर बादलीने पाणी ओतत होता. खाली, तोटीच्या तोंडाशी, आबांचा तांब्या.

वहिनींनी सांगितलं. आबा अंथरुणाला खिळले होते, डोळे गेले होते. अन्न सुटलं होतं. सकाळी महादेवाच्या डोक्यावरचं चमचाभर तीर्थ तेवढं घेत, आणि ते त्याच पाण्याचं. वैशाखातल्या वऱ्हाडी हवेत पाणी असतं कुठे? सकाळपासून इंजिन चालवावं, बादल्याच्या बादल्या पोत्यावर ओताव्यात, तेव्हा संध्याकाळपर्यंत दुसऱ्या दिवसापुरतं मिळायचं. ज्याने उभा जन्म हवेतलं पाणी काढून फेकण्यात घालवला, तो आता चमचाभर पाण्यासाठी तिच्या पाया पडत होता.

"दामूभाऊ," मी म्हटलं, "इहिरीचं घाला ना चमचाभर. महाराजांले आता दिसत नाही."

त्याने बादली खाली ठेवली. "त्यांले दिसत नाही," तो म्हणाला. "मले तं दिसते ना."

मग त्याने इंजिन बंद केलं, तोटीपाशी उकिडवा बसला आणि ती हलकेच फिरवली. आधी नुसती हवा आली. मग तांब्यात टप्प असं वाजलं, पुन्हा एकदा वाजलं, मग पुष्कळ वेळ काहीच नाही. त्याने तोटी बंद केली, तांब्या उचलला, उन्हाने वाळू नये म्हणून त्याच्या तोंडावर तळहात झाकला आणि मला बस म्हणायचंही विसरून तो आबांकडे आत गेला.